हनुवटी जरा खाली

१

मी सांगितलेल्या गोष्टीतलं निम्मं पाणी काढून टाकून मगच लोक ती ऐकतात. त्यांचं चुकत नाही. एका गृहस्थांचा पासपोर्ट फोटो मी इतका हुबेहूब काढला की घरी गेल्यावर त्यांच्या कुत्र्याने मालकाला सोडून फोटोचेच पाय चाटले, असं मी एकदा चारचौघांत सांगितलं. सगळे हसले. पासपोर्ट फोटोत पाय कुठून आले, असं विचारणारं माणूस एकच निघालं, आणि ती माझी बायको. शाळेत गणित शिकवते. तिच्यासमोर थाप मारायची म्हणजे आपणहून पेपर तपासायला दिल्यासारखं.

तेव्हा आधीच सांगतो, ही गोष्ट मी फुगवलेली नाही. उलट दोन-तीन ठिकाणी हवा काढलीय.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. रस्त्याच्या बाजूला शटर, आतल्या बाजूला जाड पडदा, आणि पडद्यामागे आम्ही राहतो. स्टुडिओत पांढरी भिंत, एक गोल स्टूल, आणि बसणाऱ्याच्या डाव्या हाताला पांढरं कापड ताणलेला चौकोनी दिवा. ओळखपत्रं, अर्ज, पासपोर्ट. दिवसभर माणसं येतात, स्टुलावर बसतात, घाबरल्यासारखी दिसतात आणि जातात. मग मी कॉम्प्युटरवर बसून त्यांना माणसात आणतो. मुरूम पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. कुणाला सांगावं लागत नाही. डाग दिसला की माझा हात आपोआप चालतो.

बायकोला आम्ही घरात मास्तरीण म्हणतो. लेकीच्या बाळंतपणापासून तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे. आहे म्हणजे होतं. तिने कधी ते मनावर घेतलं नव्हतं. शाळेने नवी ओळखपत्रं मागितली, मी तिला स्टुलावर बसवलं, फोटो काढला आणि रोजच्या सवयीने वांग पुसून टाकलं. काम झकास झालं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवरचा माणूस कार्ड बघून म्हणाला, "बाई, आज धाकट्या बहिणीचं कार्ड घालून आलात का?" ते शिक्षकांच्या खोलीत पोचलं. दिवसभर तेच.

संध्याकाळी तिने कार्ड गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"मी इतकी वाईट दिसते का?"

"छे गं. काहीतरीच."

"मग पुसलंत कशाला?"

"लेन्सवर जरा धूळ होती."

"माझ्या दोन गालांपुरतीच?"

मी म्हटलं, फोटो बदलून देतो, पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, "राहू दे. आता फोटो तसाच राहील. मीच बदलते." एवढं बोलून तिने कणीक मळायला घेतली, आणि मला वाटलं, विषय संपला.

२

त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला गोड. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर शोधूनही एक छिद्र सापडेना. खोलीत पांढरी खाट, भिंग लावलेला दिवा, बाटल्यांचं कपाट आणि बोलू नये असं वाटायला लावणारी शांतता.

त्यांनी सगळं नीट समजावलं. फळात असतं तसलं आम्ल, फक्त जरा कडक. ब्रशने चेहऱ्यावर लावायचं. आधी मुंग्या येतील, मग चुणचुण, मग मिरची लागल्यासारखं. तेवढ्यात त्या उतारा लावून थांबवतील. एक-दोन दिवस चेहरा लाल राहील, ताणल्यासारखा वाटेल. मग पापुद्रे सुटायला लागतील, आधी तोंडाच्या कडेने.

"ते ओढून काढायचे नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्याची वेळ झाली असेल ते आपोआप पडेल. घाई केली तर डाग राहतो. आणि उन्हापासून जपायचं. अशी दोन-तीन सिटिंग्ज लागतील. तुमची अपेक्षा काय आहे?"

मास्तरणीने पर्समधून ते ओळखपत्र काढून पुढे केलं. "अशी."

मला हसू आलं. न्हाव्याकडे हीरोचा फोटो घेऊन जाणारी पोरं मी पाहिली आहेत. स्वतःचाच फोटो घेऊन कुणी जात नाही. डॉक्टरीणबाईंनी कार्ड भिंगाखाली धरलं, मग मास्तरणीची हनुवटी बोटाने वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे.

"फोटो चांगला काढलाय," त्या म्हणाल्या.

"ह्यांनीच," मास्तरीण म्हणाली, कौतुकाने की तक्रारीने ते कळलं नाही.

"जमेल." त्यांनी कार्ड आम्लाच्या बाटलीला टेकवून उभं केलं आणि ब्रश बुडवला.

मला हातातला छोटा पंखा धरायचं काम मिळालं. "घरी पंखा पुसा म्हटलं तर पाठ धरते ह्यांची," मास्तरीण डोळे मिटून म्हणाली, "इथे बघा कसे उभे आहेत." मग चुणचुण सुरू झाली आणि तिने माझं मनगट धरलं. ती सतराचा पाढा म्हणायला लागली, पुटपुटत. मधेच अडखळली. ती पाढ्यात अडखळलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मी खाली वाकून बघितलं तर तिचा चेहरा पांढुरका पडत चालला होता, आणि बाटलीला टेकलेल्या कार्डातली ती, कुठलाही त्रास न होता, माझ्याकडे बघत होती.

३

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच सगळं झालं. मास्तरीण आधी लाल झाली, मग तिचा चेहरा वाळलेल्या कागदासारखा ताठ झाला. हसायची सोय राहिली नाही, त्यामुळे मी मुद्दाम विनोद करत होतो. मग ओठांच्या कडेने पापुद्रे सुटले. उशीवर, ओढणीवर, तपासायच्या वह्यांवर. त्यांना हात लावायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं आणि मलाही. लेक दुसऱ्या गावी हॉस्टेलवर असते. तिला मी फोनवर सांगितलं, "तुझ्या आईने कात टाकायला घेतलीय. मी बीळ शोधतोय." लेक म्हणाली, "बाबा, तुझ्या जिभेचं पण एक सिटिंग करून घे."

खालून नवी कातडी आली. खोटं कशाला सांगू, सुरेख आली. वांग निम्मं उतरलं होतं. गेटवरचा माणूस काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मास्तरणीने घरी येऊन दोनदा सांगितलं.

मग एका सकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो. मी बटाटे सोलत होतो, ती ओट्यापाशी उभी. आमच्या ओट्याची खिडकी उभ्या माणसाच्या उजव्या हाताला येते. ऊन थेट आत. मी सहज मान वर केली. तिच्या नाकाच्या उजव्या बाजूला, ओठाकडे उतरत जाणारी एक मऊ सावली होती.

उजवीकडून ऊन येत असताना उजवीकडे सावली.

हा माझा धंदा आहे. बाकी कशात नसेन, पण उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते ह्यात मला कुणी फसवू शकत नाही. ती सावली मी ओळखत होतो. माझा चौकोनी दिवा डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा वर ठेवला की ती पडते. दिवसातून वीस वेळा मी ती बघतो.

"तोंडाला काही लागलंय का?" मास्तरणीने विचारलं.

"इकडे वळ बरं."

ती वळली. आता खिडकी तिच्या पाठीशी आली. चेहरा अंधारायला हवा होता. सावली तिथेच होती, आणि डावा गाल उजळलेला.

४

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. आम्लानंतर कधीकधी एखाद्या जागी रंग जरा गडद राहतो. नाकाच्या कडेला तर हमखास. सावलीसारखा दिसतो, पण डागच तो. दुसऱ्या सिटिंगमध्ये जाईल.

माझं समाधान झालं. खरंच झालं. डाग म्हटल्यावर मला बरं वाटतं, डागाचं काय करायचं ते माहीत असतं. डाग हलत नाही, म्हणून सावली हलत नव्हती. इतकं सोपं. डाव्या गालाच्या उजेडाचं उत्तर त्यात नव्हतं, पण नवी कातडी चमकतेच, असं मी माझ्यापुरतं जुळवून घेतलं.

दुसऱ्या सिटिंगला मी गेलो नाही, गिऱ्हाईक होतं. ह्या वेळी पापुद्रे मोठे सुटले. कपाळाचा एक तर अख्खा, तळहाताएवढा. मास्तरणीने तो कागदात गुंडाळून टाकला आणि बराच वेळ हात धूत राहिली.

वांग गेलं. एक सोडून सगळं. डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. फोटोत तो केसांमागे होता, म्हणून माझ्याही हातून पुसला गेला नव्हता.

नाकाजवळची सावली गेली नाही. मी टेबलावरचा दिवा पुसायच्या निमित्ताने तिच्याभोवती फिरवून पाहिला. उजवीकडून, खालून, मागून. ती वह्या तपासत होती.

"काय चाललंय तुमचं? आरती ओवाळताय का मला?"

"बल्ब सैल झालाय."

"थाप मारताना तुमचा आवाज बारीक होतो," वर न बघता ती म्हणाली.

५

आता आवाजांचं सांगतो. पडद्याच्या पुढे मी आणि मागे ती, अशी आमची वर्षं गेली आहेत. तिकडच्या आवाजांवरून ती काय करतेय ते मला न बघता कळतं. विळी, पोळपाट, नळ, वह्या.

माझीही बडबड ठरलेली. गिऱ्हाईक बसलं की तीच चार वाक्यं: हनुवटी जरा खाली. इकडे बघा. हलू नका. मग बटण दाबायचं आणि म्हणायचं, झालं.

एकदा एका म्हाताऱ्या आजोबांचा फोटो काढताना माझ्या लक्षात आलं की आत कांदा चिरायचा आवाज थांबला. "झालं" म्हटल्यावर सुरू झाला. योगायोग. पुढच्या गिऱ्हाइकाला वह्यांची पानं उलटायचा आवाज थांबला. त्याच्या पुढच्याला चमचा ढवळायचा.

दुपारी दुकान रिकामं असताना मी रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "हलू नका."

आत भांडी घासली जात होती. आवाज थांबला. नळ तसाच वाहत होता. मी थांबलो. माणूस पाच-दहा सेकंद थांबतो, विचार करतो, कान देतो, सगळं मान्य. मी बराच वेळ थांबलो. पाणी एकाच सुरात पडत होतं, मधे हात येत नव्हता.

"झालं," मी म्हटलं. भांडं घासलं जायला लागलं, अर्ध्यावर सोडलेल्या फेऱ्यापासून.

मी आत जाऊन विचारलं, "मगाशी का थांबली होतीस?"

"कधी?" ती म्हणाली. तिच्या दंडापर्यंतचा साबण वाळून पांढरा झाला होता.

मी ठरवलं, हे शब्द आपण वापरायचे नाहीत. पण सवय जिभेवर बसलेली असते. दुसऱ्याच दिवशी एक घाईतला माणूस आला. मी "हलू नका" म्हटलं आणि त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत जो बाहेर गेला तो परत आलाच नाही. मी वैतागून शटर ओढलं आणि एका ऑफिसात फोटो पोचवायला निघून गेलो. बटण दाबलं नव्हतं. तो शब्द म्हटला नव्हता.

परत आलो तेव्हा घरभर गॅसचा वास होता. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, आणि गॅस चालूच. मास्तरीण हातात सांडशी धरून ओट्यापाशी उभी होती. हनुवटी जरा खाली. ओठांवर ओळखपत्रापुरतं हसू. मी खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला, तिला हलवलं. खांदा लाकडासारखा. मग आठवलं, आणि मी तो शब्द म्हटला.

"दूध," ती म्हणाली आणि सांडशी पुढे केली.

६

त्यानंतर मी गिऱ्हाइकांना नुसती बोटाने खूण करायला लागलो. लोकांना वाटलं माझा घसा बसलाय.

एका संध्याकाळी वीज गेली. मी चाचपडत मेणबत्ती शोधत होतो. मास्तरीण आतल्या खोलीत पेपर तपासत बसली होती.

"मेणबत्ती कशाला?" ती म्हणाली. "दिसतंय की."

मी दारात उभा राहिलो. खोलीत अंधार होता. कपाट दिसत नव्हतं, खाट दिसत नव्हती, तिचे हातही नीट दिसत नव्हते. चेहरा दिसत होता. डावा गाल उजळ, नाकाच्या उजवीकडे सावली. रस्त्यावरच्या गाडीचा दिवा असेल, मी स्वतःला म्हटलं. रस्ता दुसऱ्या बाजूला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही डोळ्यांत एकेक बारीक पांढरा चौकोन दिसला. दोन्ही चौकोनांचा वरचा कोपरा कापलेला.

माझ्या दिव्याचं कापड एका कोपऱ्यात फाटलंय. तिथे मी काळी पट्टी चिकटवलीय. माझ्या स्टुडिओत काढलेल्या प्रत्येक फोटोत, नीट मोठा करून पाहिला तर, बुबुळात तो तुटका चौकोन सापडतो. स्टुडिओ त्या वेळी बंद होता.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"आवाज बारीक झाला."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिचा हात गार होता. ती म्हणाली, "डाव्या गालाला ऊब लागते, अहो. दिव्यासमोर बसल्यासारखी. वर्गात, रस्त्यात, अंघोळ करतानाही. आणि मधेमधे मी नसतेच. मुलं सांगतात, बाई, तुम्ही फळ्यापाशी उभ्याच राहिलात. मी हसण्यावारी नेते."

"मी नाही म्हणत आता ते शब्द."

"शाळेत कुठे ऐकू येतो तुमचा आवाज?"

तिने माझं बोट धरून कानाच्या पाळीखाली नेलं. तो उरलेला वांगाचा तुकडा. बाकी चेहरा फोटोच्या कागदासारखा गुळगुळीत होता. तिथे मात्र कातडी जरा खरखरीत, कोमट, तिची होती.

"एवढी मी राहिलेय," ती म्हणाली. "हे जाऊ द्यायचं नाही."

"नाही जाऊ द्यायचं."

तिसरं सिटिंग आम्ही रद्द केलं.

७

पापुद्रे तरीही सुटायला लागले.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, औषध लावल्याशिवाय साल निघत नाही, साधा कोरडेपणा असेल, क्रीम लावा. आम्ही क्रीम लावलं. तुकड्याची कड वर उचलली गेली, वाळक्या पानाची उचलते तशी.

मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. कॉम्प्युटरवर तिचा फोटो उघडला आणि डाग लावायला बसलो. मूळ फोटो माझ्याकडे नव्हता. पुसलेलाच जपून ठेवायचा, मूळ टाकून द्यायचा, ही माझी पद्धत. डाग परत मागायला कोण येतं? म्हणून आठवून आठवून लावायला घेतले. डाव्या गालावर मोठा, खालून निमुळता. उजवीकडे दोन. का तीन? डोळ्याच्या जवळ होता का तो, की खाली? इतकी वर्षं ज्या तोंडासमोर बसून जेवलो, त्यावरचं मला काही खात्रीने आठवेना.

मी तिला बोलावलं. "इथे होतं ना गं?"

तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गालाला हात लावून म्हणाली, "असेल. तुम्हाला आठवत नाही का?"

"तुला?"

"मी कशाला बघतेय रोज आरशात. माझा चेहरा तुमच्याच समोर असायचा."

मी लावलेले डाग चिखलाचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी मास्तरणीच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता, आणि मी फाईल उघडली तेव्हा तिथेही ते डाग नव्हते. मी साठवायला विसरलो असेन. माझ्या हातून असं होतं.

त्या दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघं शेजारी बसलो. लेक म्हणाली, "आई, कसली भारी दिसतेयस. फिल्टर लावलास का?" मास्तरीण म्हणाली, "कसला गं फिल्टर, तुझ्या बाबांना विचार, ह्यांनीच—" आणि तिथे थांबली.

"हॅलो?" लेक म्हणाली. "आई फ्रीझ झाली. तुमच्याकडे नेटवर्क गेलं वाटतं."

मी शेजारी बसून घाम पुसत होतो.

"थांब," लेक म्हणाली. "बाबा, तू हलतोयस. मग आई कशी—"

मी फोन उलटा टेबलावर ठेवला आणि मास्तरणीच्या कानात तो शब्द म्हटला. ती वाक्य पुरं करायला लागली, "—सगळं केलंय." लेकीला नंतर मी सांगितलं की आईने गंमत केली. ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्या गमती आता सारख्याच व्हायला लागल्यात." मी खरं सांगितलंही असतं. पण तिने त्यातलं निम्मं वजा केलं असतं, आणि उरलेल्या निम्म्याला ती हसली असती.

८

रविवार होता. दुकान बंद. शटर खाली, कुलूप लावलेलं, स्टुडिओचा मेन स्विच मी स्वतः पाडलेला. त्या दिव्याची वायरही काढून गुंडाळून ठेवली होती.

त्या तुकड्यावर आम्ही जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली होती. पट्टीच्या वर ती तळहात धरून बसायची. जेवतानाही एकच हात वापरायची. दुपारची जेवणं झाली, ती हात धुवायला बेसिनपाशी गेली. साबण लावायला दोन्ही हात लागले असतील. परत आली तेव्हा मी कानाखाली पाहिलं. पट्टी नव्हती.

मी बेसिनपाशी धावलो. पट्टी जाळीवर चिकटली होती, आणि पट्टीला तो तुकडा. इतका हलका की माझ्या श्वासाने थरथरला. मी तो बोटावर घेऊन आलो, तिच्या जबड्याला लावून दाबून धरला. तो पुन्हा पुन्हा घसरत होता. खालची जागा गुळगुळीत होती. तिथे ना खरखर, ना ऊब.

"पडलं का?" तिने विचारलं.

"नाही. आहे."

"आवाज," ती म्हणाली, आणि ओळखीचं हसली. "असू दे. बसा तुम्ही. उद्या नववीचा पेपर आहे, त्यात तो दुसरा प्रश्न मी जरा—"

मी थांबलो. ती थांबली होती. हनुवटी सरळ, डोळे माझ्या खांद्यावरून मागे.

"झालं," मी म्हटलं.

ती हलली नाही.

"झालं. अगं, झालं. झालं."

मी तिला हाक मारली. मास्तरीण म्हणून मारली, मग लग्नाआधीच्या नावाने मारली. जे कधी मोठ्याने बोललो नव्हतो ते सगळं बोललो. तिच्या डोळ्यांत तो पांढरा चौकोन होता, आणि त्यात मी नव्हतो. ह्या वेळी तिला थांब म्हणणारा मी नव्हतो, तर सोडणारा तरी मी कसा असेन, असा साधा हिशेब तिने मला एका ओळीत मांडून दाखवला असता.

ती कुठे बघतेय ते बघायला मी वळलो. ती पडद्याकडे बघत होती. स्टुडिओच्या पडद्याखालून जमिनीवर उजेडाची एक पांढरी रेघ आली होती. त्या रेघेत कुणाच्या तरी पावलांची सावली इकडून तिकडे गेली, दिव्याची उंची नीट करताना मी सरकतो तशी. स्टूल फरशीवर ओढल्याचा आवाज आला.

"हनुवटी जरा खाली," पडद्यामागून कुणीतरी म्हणालं.

आवाज माझा होता. गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तो, समजूतदार, जरा कंटाळलेला. मास्तरणीची हनुवटी खाली गेली. नेमकी हवी तितकी.

"छान. आता साहेब, तुम्हीपण या. शेजारी. जरा जवळ."

इथे मी थाप मारू शकलो असतो. पडदा ओढला, आत कुणी नव्हतं, तिला उचलून रस्त्यावर नेलं, असं काहीतरी. माझ्यासारख्याला ते अवघड नाही. पण मी खुर्ची सरकवली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसलो. उठून जावंसं वाटलंच नाही असं नाही. पण तिच्याशेजारी दुसरं कोण बसणार होतं?

"अजून जवळ. हां. हसा जरा."

मी हसलो. डाव्या बाजूने ऊब यायला लागली.

"हलू नका."

झालं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.